टूमर्स कॉर्नरची दोन झाडं: अलाबामातल्या एका विषप्रयोगाचं प्रकरण

27 जानेवारी 2011. अमेरिकेच्या अलाबामा राज्यात, बर्मिंगहॅमहून पॉल फाइनबॉम यांचा रेडिओ कार्यक्रम सुरू होता. कार्यक्रम कसला, तर रोज दुपारी कॉलेज फुटबॉलवरून तास न् तास चालणारं भांडण. लोक फोन करायचे, आपल्या कॉलेजची तळी उचलायचे आणि दुसऱ्याची उणीदुणी काढायचे. त्या दिवशी 'डेडव्हिलचा अल' अशी ओळख देणाऱ्या एका माणसाचा फोन लागला. त्याच्या मनात दोन राग होते. पहिला जुना: 1983 मध्ये अलाबामा विद्यापीठाचे कोच बेअर ब्रायंट वारले, तेव्हा त्याच राज्यातल्या प्रतिस्पर्धी ऑबर्न विद्यापीठाच्या पोरांनी टूमर्स कॉर्नरवर, म्हणजे ते आपले विजय साजरे करतात त्या चौकात, जल्लोष केला, असं त्याचं म्हणणं. दुसरा ताजा: नोव्हेंबरच्या सामन्याच्या वेळी कुणीतरी ब्रायंट यांच्या पुतळ्याला ऑबर्नचा खेळाडू कॅम न्यूटन याची जर्सी चढवली होती. मग त्याने सांगून टाकलं. सामन्यानंतरच्या शनिवार-रविवारी मी ऑबर्नला गेलो, इथून तीसच मैल आहे, आणि टूमर्सच्या दोन्ही झाडांना स्पाइक 80 डीएफ नावाचं विष घातलं.

झाडं मेली का, असं फाइनबॉमनी विचारलं. अजून नाहीत, पण मरणार हे नक्की. झाडाला विष घालणं बेकायदा नाही का? मला त्याची फिकीर आहे असं वाटतं तुम्हाला? आणि 'रोल डॅम टाइड' ही अलाबामावाल्यांची आरोळी देऊन त्याने फोन ठेवला.

अशा कार्यक्रमांत बढाया रोजच्याच असतात. विद्यापीठाने मात्र झाडांखालची माती तपासायला दिली. 16 फेब्रुवारीला जाहीर झालं की मातीत खरोखरच विष आहे, तेही मारून टाकायला पुरेल त्याच्या कितीतरी पट. दुसऱ्या दिवशी हार्वी अपडाइक या 62 वर्षांच्या गृहस्थांना अटक झाली. टेक्सासच्या राज्य पोलिसांतून निवृत्त झालेला माणूस. अलाबामा विद्यापीठाचा कट्टर चाहता, आणि त्या विद्यापीठात एक दिवसही न शिकलेला.

हा शेवटचा तपशील बहुतेक बातम्यांत ओझरता यायचा. मला प्रकरणाची गाठ तिथेच दिसते. अपडाइकला माथेफिरू म्हणून बाजूला सारणं सोपं आहे, आणि तो मोठा समतोल माणूस होता असा माझा मुळीच दावा नाही. पण तो ज्या नियमांनी चालला ते त्याने शोधलेले नव्हते. ते त्या राज्यात शंभर वर्षं रुजलेले होते.

कोण कुणाचं

आधी खेळाचं सांगायला हवं. हा फुटबॉल म्हणजे हेल्मेट घालून लांबट चेंडू हातात धरून पळायचा अमेरिकन फुटबॉल. अलाबामाची वस्ती 2010 च्या जनगणनेत जेमतेम 48 लाख. व्यावसायिक फुटबॉल, बास्केटबॉल, बेसबॉल किंवा आइस हॉकीच्या सर्वोच्च लीगमधला एकही संघ त्या राज्यात नाही. जे काही आहे ते दोन सरकारी विद्यापीठांचं. टस्कलूसाचं अलाबामा विद्यापीठ, किरमिजी रंगाचं, 'रोल टाइड' म्हणणारं. आणि ऑबर्न गावचं ऑबर्न विद्यापीठ, नारिंगी-निळं, 'वॉर ईगल' म्हणणारं. ऑबर्न शहराची वस्ती तेव्हा 53 हजार, आणि तिथल्या जॉर्डन-हेअर स्टेडियममध्ये माणसं बसतात 87 हजारांहून जास्त. टस्कलूसाचं ब्रायंट-डेनी स्टेडियम तर लाखाच्या वरचं. राज्यात नवा माणूस राहायला आला की तू कुणाचा हे त्याला विचारलंच जातं. एम.एस. करायला गेलेल्या आपल्या पोरांनाही या प्रश्नातून सुटका नाही, आणि 'मला क्रिकेट आवडतं' हे उत्तर तिथे चालत नाही.

दोन्ही विद्यापीठांत भावकीसारखं अंतर आहे. टस्कलूसाचं जुनं, 1831 मध्ये सुरू झालेलं, राज्याला वकील आणि राजकारणी पुरवणारं. ऑबर्न हे सरकारी जमिनीच्या योजनेतून 1872 मध्ये शेतकी आणि यांत्रिकी महाविद्यालय झालेलं. ब्रायंट स्वतः ऑबर्नला 'गाईंचं कॉलेज' म्हणून हिणवायचे. गंमत अशी की ब्रायंट हे आर्कान्सामधल्या एका गरीब शेतकरी घरातले होते, त्यामुळे गाईंची त्यांना काही कमी ओळख नव्हती.

पहिला सामना 22 फेब्रुवारी 1893 ला बर्मिंगहॅममध्ये झाला, ऑबर्नने 32-22 जिंकला. 1907 चा 6-6 असा बरोबरीत सुटला, आणि पुढच्या वर्षाची बोलणी फिसकटली. ऑबर्नला 22 खेळाडूंसाठी माणशी साडेतीन डॉलर भत्ता हवा होता. अलाबामा 20 खेळाडूंना तीन डॉलर द्यायला तयार होतं. फरक दिवसाला 17 डॉलरचा. पंच कुठून आणायचा यावरूनही वाजलं. आणि मग ही दोन विद्यापीठं 41 वर्षं एकमेकांशी खेळलीच नाहीत. दोन महायुद्धं आली आणि गेली. शेवटी राज्याच्या विधिमंडळाने ठराव केला, पैसे अडवण्याची भाषा सुरू झाली, तेव्हा दोन्ही विद्यापीठांचे अध्यक्ष एकत्र बसले. 4 डिसेंबर 1948 ला सकाळी, सामन्याआधी, दोन्हीकडच्या विद्यार्थी प्रतिनिधींनी बर्मिंगहॅमच्या वुड्रो विल्सन पार्कमध्ये खड्डा खणून त्यात खरोखरीची कुऱ्हाड पुरली, वैर संपलं म्हणून. दुपारी अलाबामाने 55-0 असा धुव्वा उडवला. कुऱ्हाड पुरून काय व्हायचं होतं!

अभिमान आला कुठून

राज्यातल्या भांडणाच्या खाली आणखी एक थर आहे, तो अख्ख्या दक्षिणेचा. यादवी युद्धात हरलेली, गरीब, शिक्षणात मागे, आणि गुलामगिरीनंतरही वर्णभेद कायद्यानेच चालवणारी दक्षिण. उत्तरेकडची वर्तमानपत्रं तिची टवाळी करायची. 1925 च्या उन्हाळ्यात टेनेसीत एका शिक्षकावर उत्क्रांतीवाद शिकवल्याबद्दल खटला चालला, तेव्हा या टवाळीला ऊत आला होता. आणि 1 जानेवारी 1926 ला कॅलिफोर्नियात, रोझ बोल या मानाच्या सामन्यात, अलाबामाने वॉशिंग्टनला 20-19 ने हरवलं. रोझ बोलचं आमंत्रण मिळालेला दक्षिणेतला हा पहिलाच संघ. परतीच्या गाडीचं स्टेशनास्टेशनावर स्वागत झालं, आणि त्यात ऑबर्नच्या बाजूचे लोकही होते. बाहेरच्यांसमोर आपण एक, घरात एकमेकांच्या उरावर, ही रीत तेव्हापासूनची.

या अभिमानाची काळी बाजूही झाकू नये. ज्या संघामुळे दक्षिणेची मान ताठ झाली त्यात काळा खेळाडू दशकानुदशकं नव्हता. 1963 मध्ये गव्हर्नर जॉर्ज वॉलेस काळ्या विद्यार्थ्यांना अडवायला टस्कलूसाच्या दारात उभे राहिले तेव्हा ब्रायंट तिथलेच कोच होते, आणि त्यांच्या संघाने आधीच राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवलेलं होतं. सप्टेंबर 1970 मध्ये सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संघाने बर्मिंगहॅममध्ये येऊन अलाबामाला 42-21 ने हरवलं, त्यांचा काळा खेळाडू सॅम कनिंगहॅम त्या दिवशी आवरेनासा झाला होता. या एका सामन्याने अलाबामा बदलली अशी कथा पुढे रंगली, पण ती जरा जास्तच सोयीची आहे. विल्बर जॅक्सन या पहिल्या काळ्या शिष्यवृत्तीधारक खेळाडूला अलाबामाने त्याआधीच घेतलेलं होतं.

ब्रायंट 1958 ते 1982 कोच होते, सहा राष्ट्रीय अजिंक्यपदं आणली. निवृत्तीनंतर महिन्याभरात, 26 जानेवारी 1983 ला ते गेले. टस्कलूसाहून बर्मिंगहॅमच्या दफनभूमीपर्यंत अंत्ययात्रा गेली तेव्हा हायवेच्या दोन्ही बाजूंना माणसंच माणसं होती. त्या गर्दीतल्या किती जणांकडे विद्यापीठाची पदवी असेल? फार थोड्यांकडे. त्यांना तिथे 'साइडवॉक अ‍ॅलम्नाय' म्हणतात, म्हणजे कॉलेजच्या आत कधी न गेलेले माजी विद्यार्थी. गिरणीत, खाणीत, ट्रकवर राबणारे लोक. पदवीधराला आपलं नातं सिद्ध करावं लागत नाही, त्याच्या भिंतीवर प्रमाणपत्र लटकतं. या बाकीच्यांचं सगळं प्रमाणपत्र म्हणजे त्यांची निष्ठा. मग ती दाखवावी लागते: टोपीवर, गाडीवर, अंगणातल्या झेंड्यावर. कोल्हापुरात फुटबॉलला पाटाकडील की शिवाजी हे पेठेवरून ठरतं, तालमीत कुस्ती खेळलास का असं कुणी विचारत नाही, तसलाच हा मामला.

अपडाइकने पुढे मुलाखतींत सांगितलं की वडील तो लहान असतानाच गेले, आणि ब्रायंट त्याला वडिलांच्या जागी वाटायचे. मुलांची नावं त्याने संघाच्या रंगावरून आणि कोचच्या टोपणनावावरून ठेवली होती. म्हणजे त्याच्या हिशेबात 1983 चा तो जल्लोष, खरा असो वा ऐकीव, बापाच्या मयतावर केलेला होता. आणि तो राग त्याने 28 वर्षं जपला. निष्ठावंताच्या घरात विजयाच्या आठवणी असतातच, पण जास्त काळजीने जपलेले असतात ते अपमान. फाइनबॉमच्या कार्यक्रमाचा धंदा तर त्यांच्यावरच चालत होता, हे म्हणायला मला संकोच वाटत नाही. वर्षानुवर्षं रोज चार तास ज्या जखमेची खपली काढली जाते, तिच्यातून कधीतरी असं काही निघायचंच.

24 विरुद्ध 0

ठिणगी पडली 26 नोव्हेंबर 2010 ला. अलाबामा मागच्या हंगामाचा राष्ट्रीय विजेता, सामना टस्कलूसात, आणि दुसऱ्या क्वार्टरमध्ये धावफलक 24-0. घरच्या प्रेक्षकांनी मनातल्या मनात सामना खिशात घातलेला. मग कॅम न्यूटनने ऑबर्नला हळूहळू वर काढलं आणि सामना 28-27 असा संपला. एका गुणाने. न्यूटनवर त्या महिनाभर आरोपांचं मोहोळ होतं, त्याच्या वडिलांनी दुसऱ्या एका विद्यापीठाकडे मुलासाठी पैसे मागितल्याचं प्रकरण गाजत होतं. त्यामुळे अलाबामावाल्यांना हरल्याचं दुःख होतंच, वर 'चोराने लुटलं' ही भावनाही. डिसेंबरमध्ये त्याच न्यूटनला वर्षातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूची हाइझमन ट्रॉफी मिळाली, 10 जानेवारीला ऑबर्नने ओरेगनला 22-19 ने हरवून राष्ट्रीय अजिंक्यपद घेतलं. फोन आला तो त्यानंतर सतराव्या दिवशी.

झाड कसं मरतं

टूमर्स कॉर्नर म्हणजे मॅग्नोलिया अ‍ॅव्हेन्यू आणि कॉलेज स्ट्रीट यांचा चौक. एका बाजूला विद्यापीठाचं आवार सुरू होतं, दुसऱ्या बाजूला टूमर्स ड्रग्ज हे जुनं दुकान, लिंबू सरबतासाठी प्रसिद्ध. आवाराच्या दाराशी दोन लाइव्ह ओक, बाराही महिने हिरवे. ऑबर्न जिंकलं की गाव तिथे लोटतं आणि टॉयलेट पेपरची भेंडोळी फांद्यांवर फेकतं. पहाटेपर्यंत झाडं पांढऱ्या झिरमिळ्यांनी झाकून जातात. प्रथेच्या उगमाच्या दोन-तीन कथा आहेत. दुकानात तारयंत्र होतं, बाहेरगावच्या विजयाची बातमी आली की नोकर तारेच्या कागदी पट्ट्या विजेच्या तारांवर उडवायचे, ही त्यातली सगळ्यांत लाडकी.

स्पाइक 80 डीएफ हे काही बागेतलं तणनाशक नव्हे. त्यातलं टेब्युथायुरॉन हे द्रव्य कुरणांतली, कुंपणाकडेची झुडपं समूळ मारायला वापरतात. ते मातीतून मुळांत जातं, मुळांतून पानांत, आणि पानांचं प्रकाशसंश्लेषण बंद पाडतं. झाड लगेच मरत नाही. पानं पिवळी-तपकिरी होऊन गळतात. झाड साठवलेल्या पिष्टाच्या जोरावर नवी पालवी काढतं. मातीत विष असतंच, तीही करपते. पुन्हा पालवी, पुन्हा गळ. असं करता करता साठा संपतो आणि झाड उपाशी मरतं. या प्रकाराला दोन वर्षं लागली, आणि त्या दोन वर्षांत गावाने प्रत्येक पालवीवर आशा लावली.

विद्यापीठाच्या उद्यानविद्या विभागाचे प्राध्यापक गॅरी कीव्हर यांच्या चमूने जे सुचेल ते केलं. मुळांभोवतीची विषारी माती काढली. विष शोषून घ्यायला सक्रिय कोळसा टाकला. झाडं तात्पुरती झाकली. अन्न तयार करता येत नाही तर ते बाहेरून द्यावं म्हणून खोडात साखरेचं पाणी टोचलं. शेतकी कॉलेज म्हणून ज्याची टिंगल झाली तिथलं सगळं शास्त्र त्या दोन झाडांपाशी कामाला लागलं होतं. उपयोग झाला नाही. एप्रिल 2013 मध्ये संघाच्या सरावसामन्याला, ज्यात विरुद्ध बाजूला कुणी नसतंच, 83 हजारांवर लोक आले. सामन्यानंतर झाडांवर शेवटची भेंडोळी फेकली गेली. 23 एप्रिलला झाडं तोडली.

कोर्टात

कायद्यापुढे पेच असा की, गुन्हा नेमका कशाविरुद्ध? आरोपपत्रात मालमत्तेच्या नुकसानीचं कलम होतं आणि पूजनीय वस्तूची विटंबना केल्याचंही. हे दुसरं कलम स्मारकं, थडगी, प्रार्थनास्थळं यांच्यासाठी असतं. ते झाडांना लावायला कुणाला विचित्र वाटलं नाही, पण त्याची शिक्षा किरकोळ. जड शिक्षेचं कलम सापडलं ते प्राणी किंवा पिकं यांच्या केंद्राचं नुकसान करण्याचं. म्हणजे भावना दुखावल्याचा खटला शेवटी शेतीच्या कलमाखाली उभा राहिला.

आरोपीने आधी मानसिक आजाराचं कारण देत गुन्हा नाकारला. जून 2012 मध्ये ज्युरी निवडायला सुरुवात झाली, तेवढ्यात विद्यार्थ्यांच्या वर्तमानपत्राने छापलं की त्याने आमच्या वार्ताहराकडे कबुली दिली. खटला थांबला, पुढे ऑबर्न ज्यात येतं त्या ली काउंटीच्या बाहेर हलवायचा ठरला. त्या राज्यात ज्याचं या विषयावर मत नाही असा माणूस ज्युरीत बसवायला कुठून आणणार, हा प्रश्न उरलाच. तो सुटायच्या आत, 22 मार्च 2013 ला, अपडाइकने गुन्हा कबूल केला. तीन वर्षांची शिक्षा, त्यातले सहा महिने प्रत्यक्ष तुरुंगात, पुढे पाच वर्षं देखरेख. संध्याकाळी सातनंतर घराबाहेर पडायचं नाही. ऑबर्न विद्यापीठाच्या जागेत पाय ठेवायचा नाही. आणि कुठल्याही कॉलेजच्या खेळाच्या सामन्याला जायचं नाही. माझ्या मते न्यायाधीशांनी आरोपीला नीट ओळखलं ते या शेवटच्या अटीत. नंतर सुमारे आठ लाख डॉलरची नुकसानभरपाई ठरली. त्यातले काही हजारच वसूल झाले होते, जुलै 2020 मध्ये तो 71 व्या वर्षी वारला तेव्हा.

मधल्या काळात

अपडाइकच्या नावाचे फलक घेणारे, त्याला हिरो म्हणणारे होते. पण बातमी फुटली त्याच आठवड्यात अलाबामाच्या चाहत्यांनी 'टाइड फॉर टूमर्स' नावाने झाडांसाठी पैसे गोळा करायला सुरुवात केली. 27 एप्रिल 2011 ला टस्कलूसावरून भयंकर टोर्नेडो गेला, अनेक जीव गेले, वस्त्याच्या वस्त्या सपाट झाल्या. तेव्हा ऑबर्नच्या लोकांनी 'टूमर्स फॉर टस्कलूसा' या नावाने ट्रक भरभरून सामान पाठवलं. या मदतीचं कौतुक करताना एक लक्षात ठेवायला हवं, की दोन्ही बाजूंना मदत करतानाही आपल्या संघाचं नाव सोडवलं नाही. आणि त्यात मला काही वावगं दिसत नाही. ज्या जाळ्यातून द्वेष पसरला त्याच जाळ्यातून पाण्याच्या बाटल्याही गेल्या. चर्च किंवा सरकार एवढ्या पटकन माणसं गोळा करू शकलं असतं का, शंका आहे.

झाडं गेली म्हणून प्रथा थांबली नाही. 2013 च्या हंगामाआधी चौकात खांब उभारून त्यांच्यात तारा ताणल्या, कागद फेकायला. त्याच हंगामात, 30 नोव्हेंबरला, बरोबरीत अडकलेल्या सामन्याच्या शेवटच्या सेकंदाला अलाबामाची किक आखूड पडली. ऑबर्नच्या क्रिस डेव्हिसने चेंडू आपल्या गोलरेषेमागे झेलला आणि अख्खं मैदान पळत कापून 34-28 असा विजय मिळवला. दोन्ही विद्यापीठांच्या इतिहासातला बहुधा सगळ्यांत प्रसिद्ध क्षण. त्या रात्रीचा जल्लोष झाडांशिवाय, तारांवर झाला, आणि कमी झाला असं कुणी म्हणत नाही.

नवे ओक फेब्रुवारी 2015 मध्ये लावले. त्यातला एक तगला नाही म्हणून बदलावा लागला. सप्टेंबर 2016 मध्ये लुइझियानाच्या संघाला हरवल्याच्या रात्री एकाने फांद्यांवरच्या कागदाला आग लावली. त्याच्यावर दारूच्या नशेत असल्याचाही आरोप होता. फेब्रुवारी 2017 मध्ये दोन्ही झाडं पुन्हा नवी आणली. मूळ झाडांच्या फळांपासून विद्यापीठाने आधीच रोपं तयार करून ठेवली होती. ती सॅमफोर्ड पार्कच्या वाटेच्या कडेने लावली आहेत, चौकापासून जरा आत. त्यांच्यावर कागद फेकू नये अशी विद्यापीठाची विनंती असते.